तिचे नाव शेवटच्या परिच्छेदात

आमच्या दैनिकाच्या ग्रामीण पानावर ती प्रशिक्षणार्थी म्हणून आली, तेव्हा मी तिथे उपसंपादक होते. आजही आहे. तिचे वडील, ती त्यांना आबा म्हणे, मेंढ्या राखत; पुढे थोडी शेती आणि उरलेले दिवस मजुरी. आमचे घर जमीनजुमला असलेले. वडिलांच्या नोकरीमुळे शहरात, गारखेड्यात स्थायिक झालेले. तिने जवळच पुंडलिकनगरात एक खोली भाड्याने घेतली होती. ऑफिसला आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर जात असू. ती मला ताई म्हणायची.

बातमी कशी लिहायची, हे तिला मी शिकवले. महत्त्वाचे वर, त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली. पानात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. म्हणून शेवटी असे काही ठेवायचे, जे गेले तरी वाचणाऱ्याला कळणार नाही. तिच्या मजकुरात गावाकडची बोली यायची. ती मी काढून टाकायचे. दोन वर्षे हे काम मी रोज केले.

मग तिने नोकरी सोडली आणि मोबाईलवर व्हिडिओ करू लागली. पाण्याचे टँकर, बचत गटातली भांडणे, सोयरिकीतले मानपान, सगळे त्याच बोलीत. वर्षभरात लोक तिला ओळखू लागले.

एकदा आम्ही शहागंजात कापड घ्यायला गेलो. थान उलगडता उलगडता दुकानदाराचा हात थांबला.

"बाजी, आप वो मोबाइलवाली हैं ना? हमारे घर में सब देखते आपको."

त्याने स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. "मॅडम, एक फोटो निकालो ना. जरा आडा पकडो."

मी आडवा धरला. नंतर त्याने तिच्यासाठी चहा मागवला. पोऱ्या निघाल्यावर मला विचारले, "आप भी लेंगे?"

मागच्या वर्षी तिने कादंबरी लिहिली. व्हिडिओंमुळे प्रसिद्ध झालेली एक मुलगी, आणि लोकांना माहीत असलेल्या त्या मुलीशी घरातल्या मुलीचे हळूहळू न जुळणे, असा विषय. छापण्याआधी तिने प्रुफे मला वाचायला दिली. मी स्वतःला शोधत वाचत गेले. वर्तमानपत्रातले दिवस पाऊण पानात संपले होते. त्यात स्कूटी होती. मी नव्हते. पुस्तक चांगले होते. मी तिला एवढेच सांगितले, की प्रुफात बऱ्याच चुका आहेत. माझ्या स्वतःच्या कादंबरीची तीन प्रकरणे सहा वर्षांपासून लिहून पडली आहेत.

प्रकाशन एका महाविद्यालयाच्या सभागृहात झाले. बातमीचे काम माझ्याकडे आले. कार्यक्रम संपल्यावर ती मला दाराशी गाठून म्हणाली, "ताई, नाव तेवढं नीट येऊ दे. आबांना मोबाईलमधलं खरं वाटत नाय. म्हणतात, तिथं कुणीबी येतंय."

"आणि पेपरात?"

"पेपरात आलं की झालं. उद्या सकाळीच स्टँडवर जाऊन अंक आणणार हायेत. पाव्हण्यांना वाटायचेत म्हणे."

सभागृहात तिच्यासोबत फोटो काढायला रांग लागली होती. तिला हवा होता तो आमचा अंक.

ऑफिसात येऊन मी बातमी लिहिली. मथळा प्रमुख पाहुण्यांचा: तरुणांनी वाचनाकडे वळावे. पहिल्या वाक्यात त्यांचे नाव आणि पद. एका तरुण लेखिकेच्या कादंबरीच्या प्रकाशनप्रसंगी ते बोलत होते. मग अध्यक्ष, प्राचार्य, प्रकाशक, व्यासपीठावरचे बाकीचे. अशा बातम्या आमच्याकडे अशाच लिहितात. कोणी बोट ठेवले नसते. तिचे नाव, पुस्तकाचे नाव आणि तिचे मनोगत मी शेवटच्या परिच्छेदात टाकले. शेवटी नेहमी आभाराची ओळ असते. ती मी लिहिलीच नाही.

सात वाजता पान लावणारा सहकारी म्हणाला, "ताई, जाहिरात आली. पाच ओळी जास्त होतायत. खालून मारू?"

व्यासपीठावरची नावे काढ, असे सांगायला वेळ होता.

"मार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"ताई, आली बातमी. आबांनी चुलत्याकडून दोनदा वाचून घेतली."

"ऐनवेळी जाहिरात आली गं. खालून कापावी लागली."

"व्हय. म्हंजे मी खाली होते."

मी टेबलावरचा अंक घडी करून बाजूला ठेवला.

"आभार कुठं गेले मग, ताई? खाली आभार असतेत की."

तिने फोन ठेवला. मी संपादकांकडे गेले आणि दुरुस्ती छापू या म्हणाले. त्यांनी बातमी पुन्हा वाचली. "यात चूक काय आहे?" त्यांनी विचारले. चूक काहीच नव्हती.

दोन दिवस मी तिचे चॅनेल उघडून पाहत होते. ती माझ्यावर बोलेल, असे मला वाटले होते. एक व्हिडिओ शेळ्यांच्या बाजाराचा आला, एक लग्नातल्या रुसव्याफुगव्यांचा. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. कादंबरीत नाही आणि इथेही नाही, याचा मला रागच आला.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला.

"तुझं नाव मी मुद्दाम खाली टाकलं होतं."

"माहितीय मला. एवढं बोलायला तीन दिवस लागले व्हय?" पलीकडे भांड्यांचा आवाज होता. "मी गावाकडं हाय. आबा इथंच बसलेत. मला नको, त्यांना सांग."

"कोण?" तिचे वडील मोठ्याने बोलत होते. "पेपरवाल्या बाई का? पोरीचं नाव राहिलं म्हणं तुमच्याकडून."

वाक्य मी तयार केले होते. राहिले नाही, मी काढले, असे ते वाक्य होते.

"हो, राहिलं," मी म्हणाले.

"मंग लई मनाला लावून घिऊ नका. गडबडीत राहतंय माणसाकडून. पुढल्या बारीला टाका."

"टाकते."

फोन तिच्याकडे परत गेला नाही. तो बंद करताना ते तिला म्हणाले, ते मला ऐकू आले. "चांगली हाय की बाई. तू कामून तोंड पाडून बसलीस?"