तोमासाबाईंचं कुणी ऐकत नाही

ग्वायाकिल शहराच्या दक्षिणेकडच्या वस्तीत, खाडीपासून तीन गल्ल्या आत, नार्सिसा यागुआलचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, वह्या, पेनं, शाळेच्या नाटकांना लागणारे रंगीत कागद आणि काउंटरमागे एक उंच स्टूल. त्या स्टुलावर बसून, दोन झेरॉक्सच्या मधल्या वेळात, मोबाइलवर अंगठ्याने टाइप करत नार्सिसाने सहा वर्षांत एका कादंबरीचे दोनशे अकरा भाग लिहिले होते. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. लागला असता तरी विश्वास बसला नसता. सदतीस वर्षांची बिनलग्नाची बाई, चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर, गिऱ्हाइकाने तेच दुसऱ्यांदा विचारलं की खेकसणारी. ती हजारो बायकांच्या जिवाला घोर लावते, हे सांगून पटणार कुणाला?

तिच्या नायकाचं नाव ब्रूनो. तीनशे वर्षांपूर्वी खाडीच्या चिखलातून वर आलेला, अंगात मगरीचं रक्त, काळी मोटरसायकल चालवणारा, शहरातल्या पुलांखालच्या भुताखेतांना धाकात ठेवणारा. नायिका आल्बा, बेकरीत पाव विकणारी साधी पोर. ब्रूनो साऱ्या जगाशी तुसडा, हळवा फक्त आल्बाशी.

वाचणाऱ्या बायका ओळीओळीवर लाल बदाम टाकायच्या, खाली मनातलं लिहायच्या. कुठल्या ओळीवर बदामांचा सडा पडतो ते नार्सिसाला तोंडपाठ होतं. नुसता देखणा गडी कुणाला नको असतो, हे तिला पहिल्या दहा भागांतच कळलं. देखणे गडी टीव्हीवर पैशाला पासरी. हवा असतो तो भिंत फोडणारा हात, जो आपल्या गालाशी येऊन थांबतो. एक जुनी जखम, जी तो फक्त आपल्यालाच दाखवतो. आपण कुठे आहोत, कुणाशी बोललो, हे त्याला न सांगता कळलं पाहिजे. ब्रूनो रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा, आल्बाच्या खिडकीकडे बघायचा, दोन सुरांची शीळ घालायचा आणि निघून जायचा. एवढंच. पण त्या शिळेवर बायका जीव ओवाळून टाकायच्या.

याहून मोठी एक युक्ती नार्सिसाने स्वतः शोधून काढली होती आणि तिचा तिला भारी अभिमान होता. नायकाला नावं ठेवणारं कुणीतरी लागतं, आणि ते माणूस दर वेळी तोंडावर आपटलं पाहिजे. त्यासाठी तिने आल्बाची आत्या, तोमासाबाई, उभी केली. आंबट तोंडाची, कुणाचं सुख न बघवणारी म्हातारी. "हा माणूस तुझ्या भल्याचा नाही" असं तोमासाबाई म्हणाल्या, की पुढच्याच भागात ब्रूनो आल्बाचा जीव वाचवणार, हे ठरलेलं. मनातली शंका वाचणारीने काढायच्या आत तोमासाबाईंच्या तोंडून काढून टाकायची आणि खोटी पाडायची. मग नायकाला डाग म्हणून राहत नाही. बायका तोमासाबाईंना अशा शिव्या घालायच्या की नार्सिसा झेरॉक्स काढता काढता एकटीच हसायची.

प्रत्येक भाग आधी वाचायची केर्ली, तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. वीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. केर्ली आणि तिची आई मारिउक्सी याच घरात मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. बाप इटलीला कामाला गेला आणि तिकडचाच झाला, असं केर्लीला लहानपणापासून सांगितलेलं. चौदा वर्षांची असल्यापासून ती मावशीच्या ब्रूनोवर पोसलेली. कुठे छातीत धडधडलं ते ती मावशीला बोट ठेवून दाखवायची आणि मावशी ती जागा आणखी रंगवायची.

आणि मार्चमध्ये होल्गर आला.

मोबाइल दुरुस्त करायचा तो, मोठ्या बाजारात एका गाळ्यावर. मोटरसायकल होती, लाल. केर्लीने मावशीला दुकानाच्या दाराशी ओढत नेलं आणि समोर आंब्याखाली उभा असलेला पोरगा दाखवला.

"बघ ना मावशी. आत ये म्हटलं तर येत नाही. नुसता उभा राहतो. मी झोपायला गेले की जातो."

"रोज?"

"रोज. अगदी ब्रूनो."

 हसू येतंय असं नार्सिसाने दाखवलं आणि आत जाऊन मशीनमध्ये उगाच कागद भरत बसली.

पुढच्या तीन महिन्यांत काय काय झालं ते एकदम सांगितलं तर मोठं वाटतं, पण रोज थोडं थोडं झालं. केर्लीचा मोबाइल होल्गरने नीट करून दिला, तेव्हापासून ती कुठे आहे हे त्याला आपोआप कळू लागलं. तिच्या वर्गातली मैत्रीण तिला भडकवते असं त्याला वाटलं, मैत्रीण सुटली. पुरुषांच्या वॉर्डातली पाळी त्याला सहन होईना, केर्लीने ती पाळी बुडवली, एकदा, मग तीनदा. आणि जूनमध्ये ती म्हणाली की शनिवारी चार वाजता ती होल्गरबरोबर दूर मान्ता गावी राहायला जाणार. त्याच्या चुलत्याचं तिथे दुकान आहे. कॉलेज नंतर बघू.

तेव्हा नार्सिसा बोलली. मनाची तयारी करून, चष्मा पुसून बोलली.

"केर्ली, जो माणूस तुला सगळ्यांपासून तोडतो, तो तुझ्यावर प्रेम करत नाही."

केर्ली हसली. "भाग सत्तेचाळीस. तोमासाबाई, बेकरीच्या मागच्या दारी."

"मी चेष्टा करत नाहीये."

"त्यापण करत नव्हत्या."

"अगं, आज तो तुझ्यावर पहारा करतोय, उद्या कुलूप लावेल."

"हे पण त्यांचंच, मावशी. एकशे तीन. तेव्हा पूल कोसळला होता आणि ब्रूनो नसता तर आल्बा मेली असती." केर्लीने प्रेमाने तिच्या गळ्यात हात टाकले. "तू घाबरलीस की अगदी त्यांच्यासारखी बोलतेस. कशाला जळतेस गं? तुला पण कुणीतरी मिळेल."

हे वाक्यही नार्सिसाचंच होतं. आल्बाच्या तोंडी घातलेलं, एकशे तीनच्या शेवटी, त्यावर तर बदामांचा पाऊस पडला होता. नार्सिसा स्टुलावर बसून राहिली. जे जे म्हणून शहाणं माणूस या वेळी बोलेल, ते सगळं तिने सहा वर्षांत एका मूर्ख बाईच्या तोंडात कोंबून ठेवलं होतं. आता तिच्याकडे स्वतःचा म्हणून एक शब्द उरला नव्हता.

तिला जे येत होतं ते तिने केलं. बुधवारी दुकान अर्धं बंद ठेवून दोनशे बारावा भाग लिहिला. त्यात ब्रूनोने आल्बाचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. शाप नाही, शत्रूची जादू नाही. आल्बा ओरडली, त्याने सोडलं नाही. वाचून किळस यावी अशा बेताने तिने एकेक ओळ लिहिली आणि पाठवून दिली.

दुपारपर्यंत वाचणाऱ्या बायकांच्या शेऱ्यांनी मोबाइल तापला. बिचारा, किती घाबरलाय तिला गमवायला. तीनशे वर्षांचं एकटेपण आहे ते, समजून घ्या. मला कुणी असं धरलं तर मी सुटायचा प्रयत्नही करणार नाही. सहा वर्षांत एवढे बदाम कधी पडले नव्हते. संध्याकाळी केर्ली मागून आली, डोळे पाणावलेले.

"आजवरचा सगळ्यात भारी भाग," ती म्हणाली. "त्याचं दुःख पोचलं गं."

मग मात्र नार्सिसाला राहवेना. गुरुवारी ती मागच्या खोलीत मारिउक्सीकडे गेली. मारिउक्सी सकाळी कोपऱ्यावर बोलोन विकायची, हिरव्या केळ्याचे चीज घातलेले गोळे. आदल्या दुपारी ती केळी कुटून ठेवायची. उजव्या हाताने कुटायची. डाव्या हाताचं मनगट वळत नसे, म्हणून भांडं पोटाशी धरायची. बसमधून पडले, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. केर्लीलाही.

"ताई, केर्लीला खरं सांगायला हवं. तिच्या बापाचं."

"नाही."

"ती शनिवारी जाणार."

"मी बोलले तिच्याशी. म्हणते, आई, तुला माणूस सोडून गेला म्हणून सगळेच सोडून जात नाहीत." मारिउक्सी कुटायची थांबली नाही. "तू शपथ घेतली आहेस, नार्सी. माझ्या पोरीने आरशात बघून त्याचं नाक, त्याची हनुवटी शोधत बसायचं नाही."

नार्सिसाने आणखी दोन केळी सोलून भांड्यात टाकली.

"ते तुझं काय असतं, मोबाइलवरचं, ते वाचून तिचं डोकं फिरलंय," मारिउक्सी म्हणाली. "काय लिहितेस तरी त्यात? वाच बघू."

सहा वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं होतं. नार्सिसाने पहिला भाग काढला आणि वाचायला लागली. फुटपाथवर उभा असलेला माणूस. शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. खिडकीकडे वर केलेलं तोंड. दोन सुरांची शीळ, पहिला सूर लांब, दुसरा मध्येच तोडलेला.

मुसळाचा आवाज बंद झाला.

"शीळपण घातलीस?" मारिउक्सी म्हणाली.

नार्सिसाने मान खाली घातली.

"आणि बायकांना आवडतो तो?"

"फार."

 मारिउक्सीने भांड्यावर फडकं टाकलं. "सांग तिला," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. तू सांग."

शनिवारी साडेतीनलाच लाल मोटरसायकल आंब्याखाली येऊन थांबली. केर्ली पाठीला बॅग लावून दुकानात आली. नार्सिसाने दाराचं शटर कमरेपर्यंत ओढलं आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"मावशी, आता पुन्हा तेच नको."

"तेच नाही. ऐक. ब्रूनो म्हणजे तुझा बाप."

केर्लीच्या तोंडावर आधी हसूच आलं.

"ती शीळ त्याची. ते उभं राहणं, बाह्या दुमडणं, सगळं त्याचं. तुझी आई बसमधून पडली नाही. तू सहा महिन्यांची होतीस. त्याने तिला दुरून भावाशी बोलताना बघितलं, त्याला तो भाऊ वाटला नाही, आणि त्याने तिचं मनगट पिरगाळलं."

केर्लीने मागे बघितलं. मधल्या दारात आई उभी होती. आईने मान हलवली नाही, पण डावा हात पाठीमागे नेला.

"खोटं," केर्ली म्हणाली. मग थोडं थांबून, "मग त्याला इतका चांगला कशाला केलास? दोनशे भाग? मी... मी रडलेय त्याच्यासाठी."

इथे तोमासाबाई काहीतरी बोलल्या असत्या. नार्सिसाला त्यांचं पुढचं वाक्य ऐकूही आलं. तिने ते गिळलं.

"मला तो आवडायचा," ती म्हणाली. "सतरा वर्षांची होते. घरात सगळे त्याला शिव्या द्यायचे आणि मला वाटायचं, याला कुणी ओळखलंच नाही, एक मीच ओळखलं. लग्नाआधी त्याच्या चिठ्ठ्याही मीच ताईला आणून द्यायचे. हात मोडल्यावर ताई तुला घेऊन माहेरी आली, तेव्हा तो समोर येऊन उभा राहायला लागला. रोज. बारीक झाला होता. मला इतकी दया आली त्याची. ताईची नाही आली, त्याची आली. प्लास्टर होतं तिच्या हाताला, आणि मला वाटायचं, किती सोसतोय बिचारा."

"बिचारा," केर्ली म्हणाली. बुधवारी सगळ्यांनी हाच शब्द लिहिला होता. तिने बॅगचा एक पट्टा खांद्यावरून काढला.

"त्याने चिठ्ठी दिली. आमच्या आईने त्याला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. मी ती ताईच्या उशीखाली ठेवली."

बाहेर हॉर्न वाजला. केर्लीचा मोबाइल वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. तिने तो काउंटरवर पालथा ठेवला आणि बॅग खाली टेकवून तिच्यावरच बसली. त्या दिवशी ती मान्ताला गेली नाही. होल्गर साडेपाचपर्यंत हॉर्न वाजवत होता, मग शटरवर लाथ मारून गेला, आणि ती लाथ तिने आईचं मनगट दोन्ही हातांत धरून ऐकली.

पण ते नंतर. आत्ता मधल्या दारातून मारिउक्सी पुढे आली होती, आणि ती मुलीकडे बघत नव्हती.

"उशीखालची चिठ्ठी तू ठेवलीस?"

"हो, ताई."

"मला वाटलं तो स्वतः आला होता," मारिउक्सी म्हणाली. "एवढ्या सगळ्यांची नजर चुकवून, भिंत चढून, माझ्यासाठी आला. म्हणून मी परत गेले, नार्सी. तीन वर्षं राहिले."

नार्सिसा एक पाऊल पुढे आली. मारिउक्सीने तिच्याकडे पाठ केली आणि मुलीजवळ जमिनीवर बसली.