धाकट्या साहेबांची खोली

मी परदेशी पोचलो त्या दिवशी माझ्या जुन्या मित्रानं, ठिणगीनं, माझी बॅग उचलून थेट बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यापाशी ठेवली. "इथं तुझं," म्हणाला. "मऊ आहे, पाठ दुखणार नाही." आम्ही बावीस वर्षांनी भेटत होतो. पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे, खिडकीतून झाडं दिसतात, हे त्यानंच फोनवर मला तीनदा ऐकवलं होतं. म्हणून मी वर जाऊन त्या खोलीचं दार उघडलं. आतून ओल्या घोंगडीसारखा वास आला. हीटर चालू होता, आणि पलंगावर, जाड दुलईवर, एक लठ्ठ म्हातारा कुत्रा आडवा पसरला होता. त्यानं एक चिपडलेला डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"आमच्या साहेबांचा आहे," मागून ठिणगी म्हणाला. आवाज इतका खाली, जणू आत कुणी बाळंतीण झोपली आहे. "नाताळच्या सुट्टीत ते बाहेरगावी जातात. दोन तारखेपर्यंत हा आपल्याकडे."

"आणि पलंगावर?"

"त्याला सवय आहे."

जिन्याखाली वहिनी उभ्या होत्या. "धाकटे साहेब," त्या म्हणाल्या. "दरवर्षी येतात. तुम्ही पहिल्यांदाच आलात, भावजी." बोलताना त्या हसल्या नाहीत, आणि ठिणगी तर नाहीच.

ठिणगी हे नाव आम्ही ठेवलेलं. एकोणीस-वीस वर्षांचे असताना आम्ही दोघं मोटारी बांधायच्या एका कारखान्यात लागलो. मोटार म्हणजे पंपाची, पिठाच्या गिरणीची, विजेवर चालणारी. जळालेली मोटार यायची, आतली काळी तार उपसून काढायची, नवी कॉइल गुंडाळून एकेका खाचेत बसवायची, वर व्हार्निश मारून भट्टीत सुकवायची. याचा हात असा की याची मोटार परत आलेली मी पाहिली नाही. आणि डोकं असं की कुणी जरा उणं बोललं की भडकलाच. एकदा मालकानं त्याला जेवणाच्या सुट्टीत घरचं दळण आणायला सांगितलं. यानं गव्हाचा डबा उचलला, मालकाच्या टेबलावर, कागदांवरच ठेवला, आणि म्हणाला, "मी मोटारी बांधायला आलोय. तुमच्या घरची कणीक आणायला नाही." आणि चप्पल घालून निघून गेला. नुकतं लग्न झालेलं, चार महिने घरी बसला, पण परत आला नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. माझ्या पोराला तर ती पाठ आहे.

त्या ठिणगीच्या घरी फ्रिजवर दोन पानांची यादी चिकटवलेली होती. साहेबांच्या हातची. सकाळी किती खाणं, ते वजन करून; संध्याकाळी किती; कानात कोणते थेंब; बाहेरून आल्यावर चारही पाय कोणत्या टॉवेलनं पुसायचे; दिवसाआड दात घासायचे. मला वाटलं, दात घासायचे हे गमतीनं लिहिलं असेल. संध्याकाळी जेवण झाल्यावर ठिणगी खाली मांडी घालून बसला, बोटाला रबराची टोपी घातली, तिच्यावर मटणाच्या वासाची पेस्ट घेतली आणि बोट त्या जबड्यात घातलं. लाळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. "शाब्बास, शाब्बास राजा," तो म्हणत होता. मी उठून खिडकीपाशी गेलो.

पहिले तीन दिवस मी तोंड दाबून बसलो, कारण मी काही नुसता गप्पा मारायला आलेलो नव्हतो. तेही सांगतो. माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, मोटारी बांधायचं. पोरगा एकोणतीस वर्षांचा, माझ्यापेक्षा सरस हात, आणि दिवसभर बाकावर बसून रस्ता बघतो. हल्ली जळालेली मोटार कुणी बांधून घेत नाही, फेकून नवी आणतात. त्याचं लग्न दोनदा जुळता जुळता राहिलं, दोन्हीकडून विचारणा एकच, मुलगा करतो काय. ठिणगी इथं एका मोठ्या धुलाई कारखान्यात आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुतात तिथं. त्याच्या साहेबानं एक पत्र दिलं, आमच्याकडे याला काम आहे एवढं लिहिलेलं, तर पोराला इथं येता येणार होतं. मी पत्राचं काढलं की ठिणगी म्हणायचा, "दोन तारखेला येतील ना ते, तेव्हा समोरासमोर बोलू. खुशीत असतात तेव्हा." म्हणजे सगळं त्या कुत्र्याच्या तब्येतीवर आलं होतं.

चौथ्या दिवशी मात्र माझा तोल गेला. बाहेर गोठवणारी थंडी, आणि हा पन्नाशी उलटून साठीला टेकलेला माणूस गुडघ्यावर बसून कुत्र्याच्या पायात मोजे चढवत होता. कुत्रा पाय झटकत होता, हा "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

"लाज वाटत नाही तुला?" मी म्हणालो.

"कसली?"

"तूच ना तो, डबा आपटणारा?"

त्यानं चौथा मोजा चढवला. "डबा ठेवला होता, आपटला नव्हता," म्हणाला, आणि साखळी घेऊन बाहेर पडला. मी चिडून घरातच बसलो. वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला. "रागावू नका त्यांना," त्या म्हणाल्या. "आमचे इथं राहायचे कागद दोनदा अडकले होते. दोन्ही वेळा साहेबांनी सोडवले. पहिल्यांदा अडकले त्या वर्षापासून हा येतो."

दुसऱ्या दिवशी तो मला कारखाना दाखवायला घेऊन गेला. सुट्टीतही दिवसातून एकदा पाण्याचे पंप चालवून बघावे लागतात, नाहीतर पाइपात बर्फ होतो. मोठमोठी धुलाईची यंत्रं ओळीनं उभी, पलीकडे चादरी दाबणारे गरम रोलर, आता थंड पडलेले. मी विचारलं, मोटारी जळतात का. जळतात की, म्हणाला. मग बांधतो कोण? "कुणी नाही. चार बोल्ट काढायचे, नवी बसवायची. जुनी त्या पिंपात." कोपऱ्यात पिंप होतं, त्यात आठ-दहा मोटारी एकमेकींवर पडलेल्या. मी एकीच्या आत बोट घालून पाहिलं. बांधता आली असती.

"मग माझा पोरगा इथं काय करणार?"

त्यानं मला मागच्या दाराशी नेलं. तिथं एक लांब पट्टा होता, आणि सुट्टीच्या आधी आलेली पोती तशीच पडून होती. हॉटेलांतून आलेल्या मळक्या चादरींची. "नवीन माणूस इथं लागतो," ठिणगी म्हणाला. "पोतं उघडायचं, चादर झटकायची, रक्ताची वेगळी, ओकारीची वेगळी, केस-बिस काढायचे. मी दोन वर्षं इथंच होतो. मग कुणाला तरी कळलं की मला मोटारीतलं कळतं." एका पोत्याचं तोंड सुटलेलं होतं. त्यातून जो आंबट वास येत होता तो घरी येऊन आंघोळ केली तरी माझ्या नाकातून जाईना.

तीस तारखेला ठिणगी आणि वहिनी सामान आणायला गेले आणि मी त्या कुत्र्याबरोबर एकटा राहिलो. तो जिना उतरून आला, माझ्यासमोर बसला आणि बघत राहिला. यादीप्रमाणे त्याला मोजून, खड्यांसारखे कोरडे दाणे घालायचे होते. त्यानं ते हुंगले आणि तोंड फिरवलं. मला दाण्यांचीही किळस आली आणि यादीचीही. आदल्या रात्रीच्या तीन पोळ्या उरल्या होत्या. दोन कुस्करून मी कोमट दुधात घातल्या. आपल्याकडे कुत्र्याला दुसरं घालतात काय? त्यानं ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि पहिल्यांदाच शेपटी हलवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुपारी उरलेली पोळीही घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वरून वहिनींची हाक आली. मी गेलो, तर पलंगापासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गालिच्यावर पिवळा, बुळबुळीत ओघळ, आणि शेवटी कुत्रा, शेपूट पायात घालून थरथरत उभा. दुर्गंधी अशी की डोळ्यांत पाणी आलं. ठिणगी धावत आला, बघितलं, आणि तिथंच पायरीवर बसला.

"काय घातलंस तू?"

"पोळी आणि दूध."

"दूध चालत नाही त्याला. यादीत तांबड्या अक्षरात लिहिलंय."

"कुत्रं आहे ते. होतात जुलाब. इतकं काय आभाळ कोसळलंय?" मी आवाज चढवला. "साहेब काय फाशी देणार आहे तुला?"

"मला नाही," ठिणगी म्हणाला. "माझे कागद झालेत. पत्र तुझ्या पोराला हवंय."

मी खाली गेलो, बाह्या वर केल्या आणि बादली भरून आणली. गालिचा मी घासला, वहिनींना हात लावू दिला नाही. मग त्या कुत्र्याला उचलून टबात उभं केलं, कोमट पाण्यानं त्याचं ढुंगण धुतलं, मांड्यांच्या केसांत अडकलेलं बोटांनी सोडवलं, आणि केस वाळवायच्या यंत्रानं त्याला वाळवलं. मध्येच त्यानं पुन्हा केलं, माझ्या हातावर. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवा, मग भाताचं पाणी द्या. दोन दिवस मी त्याला चमच्यानं पेज भरवली. डोकं मांडीवर घेऊन. आई शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिचं सगळं माझ्या बायकोनं केलं. मी दारात उभा राहून नाकाला रुमाल लावायचो. ते मला त्या दोन दिवसांत सारखं आठवत होतं, आणि कुत्र्याचा, ठिणगीचा, स्वतःचा, सगळ्यांचा वीट आला होता. तरी चमचा थांबवला नाही. एक तारखेला संध्याकाळी तो उठून फिरायला गेला आणि घट्ट करून आला. ठिणगीनं मला ही बातमी पास झाल्यासारखी सांगितली.

दोन तारखेला अकरा वाजता साहेब आला. उंच, उन्हानं नाक लाल झालेला, मोकळा हसणारा माणूस. वाईट वाटला नाही, हेच मला आवडलं नाही. त्यानं ठिणगीला विचारलं, त्रास तर नाही ना दिला. ठिणगी म्हणाला, "छे, छे." कुत्रा साहेबाच्या पायाशी लोळला, आणि मग वळून माझ्याकडे आला, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. साहेबानं भुवया उंचावल्या. हा कुणाकडे असा जात नाही, म्हणाला. हे कोण?

ठिणगीनं सांगितलं. मित्र, मुलगा, पत्र, सगळं भराभर सांगितलं. साहेब ऐकत होता आणि कुत्र्याकडे बघत होता. मग त्यानं मलाच विचारलं, हळूहळू बोलून, मला कळावं म्हणून. तुमचा मुलगाही तुमच्यासारखाच आहे का? त्याला आवडतात का कुत्री?

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता कुत्र्यानं. पाच इंजेक्शनं घेतली. आजही गल्लीत कुत्रं दिसलं की तो पलीकडून जातो.

"फार," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो. "कुत्र्याशिवाय त्याला करमत नाही, सर."

साहेबाला आनंद झाला. पत्र या आठवड्यात देतो म्हणाला, चादरी निवडायला माणसं हवीच आहेत. आणि ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझे गुडघेही आता दुखतात, पुढच्या डिसेंबरपासून याला तो मुलगा बघेल. मी मान हलवली. कुत्र्याची गादी, ताटल्या, थेंबांची पिशवी मीच उचलून गाडीपर्यंत नेली. त्याला मागच्या सीटवर चढता येईना, तेव्हा मागचे दोन्ही पाय धरून मी वर ढकललं. त्याची लाळ माझ्या शर्टवर सांडली. साहेब बघत होता तोपर्यंत मी ती पुसली नाही.

आत आलो तर ठिणगी सोफ्याच्या कडेला बसला होता. म्हणाला, "कुत्र्याशिवाय करमत नाही म्हणालास. मला असं बोलायला चार वर्षं लागली होती." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो.

मी पोराला फोन लावला. पत्र मिळतंय म्हटल्यावर त्यानं लगेच आईला हाक मारून सांगितलं, मला दोघांचं हसणं ऐकू आलं. मग तो परत फोनवर आला. "बाबा, पण काम काय असेल तिथं?"

"पडेल ते," मी म्हणालो. "तू फक्त नाही म्हणू नकोस."