रेषेवर आणलेला ठिपका

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी भिवंडीतल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि माझी एक ख्याती होती: माझ्या मुलांचा आलेख कधी वाकडा यायचा नाही. कारण साधं होतं. आमच्याकडे उत्तर आधी ठरायचं, प्रयोग मागाहून व्हायचा. लंबक कसाही हलो, उत्तर पुस्तकातलंच. रीडिंग कशी 'बसवायची' हे मी फळ्यापुढे असे हातवारे करून शिकवायचो की वर्ग टाळ्या पिटायचा. खोटं कशाला सांगू, मला त्या टाळ्या फार आवडायच्या.

बारावीच्या प्रकल्पाला बहुतेक मुलं मागच्या वर्षीचाच विषय नव्या पुठ्ठ्यात घालून आणत. शेलार गावाहून येणारी एक मुलगी मात्र स्वतःचा विषय घेऊन आली. तिच्या घराला लागूनच पॉवरलूमचा कारखाना, मधली भिंत एकच. लूममुळे घरातली फरशी किती हलते, हे तिला मोजायचं होतं. फरशीवर पाण्याची वाटी, पाण्यावर खेळण्यातल्या लेझरचा उजेड, समोर आलेख कागद. पाणी थरथरलं की कागदावरचा लाल ठिपका लांबट व्हायचा, तो ती पट्टीने मोजायची. मग वाटी कारखान्याच्या भिंतीपासून एक फूट आणखी दूर. शुक्रवारी लूम बंद असताना ठिपका गप्प बसतो, हेही पोरीने तपासलं होतं.

आलेख सुरेख उतरत होता. फक्त सहाव्या फुटाला एक बिंदू उंच उडालेला.

"हा कुठे निघाला गं? अकलोलीच्या गरम कुंडात आंघोळीला?"

वर्ग हसला.

"तिथं जास्तच हलतंय सर. तीनदा बघितलं. आईलापण बघायला लावलं."

"लांब गेलं की कंप कमी होतो. पुस्तकाला विचार."

"पुस्तकात होत असेल सर. आमच्या घरात न्हाय होत."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी मला. ते झोंबलं. मी खोडरबर उचललं, जादूगारासारखं सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि तो बिंदू पुसून रेषेवर आणून ठेवला. टाळ्या! "फेअर वहीत असंच. मार्क हवेत ना?"

तिला हवे होते. इंजिनिअरिंगला जायचं होतं, एकेक मार्क मोलाचा होता. तिने तसंच लिहिलं.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, मऊ बोलणारे. तिने टेबलावर मांडलेली पाण्याची वाटी त्यांनी पाहिली, वही मात्र दोनदा चाळली.

"लूमशेजारच्या घरात इतकी गुळगुळीत रेघ? बाळ, फरशी सगळीकडे भरीव नसते. खाली पोकळ असलं की तिथे कंप वाढतो. तुला कुठेच नाही सापडला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ॲमीटरची काच पुसायला लागलो. नोकरीत कधी पुसली नव्हती.

"नाही सर," ती म्हणाली. "नाही सापडला."

"मग ही रीडिंग बसल्या जागी लिहिलीस?"

माझं नाव तिच्या ओठांवर आलंच नाही. परीक्षकांनी प्रकल्पाला निम्मे मार्क दिले.

ते बाहेर पडले तसा मी मागोमाग धावलो. वाक्य तयार होतं: सर, ते रीडिंग मी बदललं. वार्षिक समारंभाला लावतो तसा आवाजही लावला होता. ते थांबले, वळले.

"काय हो?"

"नाही... चहा घेणार का सर?"

"बिनसाखरेचा."

शिपाई समोरच स्टुलावर बसला होता. तरी मी स्वतःच चहा आणायला निघालो, कारण नाहीतर प्रयोगशाळेत परत जावं लागलं असतं, आणि तिथे ती अजून वाटीतलं पाणी बेसिनमध्ये ओतत उभी होती.