दाबलेले संदेश

सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर सकाळपासून एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: तीनशे बारा संदेश दाबले. दाबले, कारण तसं मीच सांगून ठेवलं होतं. आमच्या रक्तपेढीच्या सर्व्हरमधली जुनी डिस्क सतत कुरकुरायची आणि तिच्या तक्रारींनी लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, भरून जायचा. म्हणून मी यंत्राच्या गाभ्याला, कर्नलला, मर्यादा घालून दिली: पाच सेकंदांत एक तक्रार दहा वेळाच ऐकव, पुढच्या नुसत्या मोज.

आज रक्तगटांची यादी उघडेना. शेजारच्या टेबलावरच्या शिंदेबाई म्हणाल्या, "अहो, नेहमीचंच असेल." मी मर्यादा उठवली. ओळी धो धो कोसळू लागल्या आणि त्या गर्दीत मला चक्क ही यादी जिच्यावर असते त्या नव्या डिस्कचं नाव दिसलं. मर्यादा मी वाक्यावर घातली होती, बोलणाऱ्यावर नाही. वाक्य तेच, म्हणून नवीचा आकांतही जुनीच्या कुरकुरीत मोजला गेला होता.

यादी आता जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीवरून परत येते आहे. टक्के सरकता सरकत नाहीत. खिडकीच्या काचेपलीकडे रक्ताच्या पिशवीसाठी आलेला माणूस उभा आहे, माझ्याकडे बघतो आहे. माझ्या हातात काही नाही.

आई फोनवर गुडघ्यांचं सुरू करते, तेव्हा मी नुसता "हं, हं" म्हणत असतो. आत्ता मीच तिला फोन लावला. "आज काय काय दुखतंय? सगळं सांग."



"काही नाही रे," ती म्हणाली, "नेहमीचंच."