फरशीतलं आभाळ

माझ्या सासूबाईंची पाठ वयानं इतकी वाकली आहे की त्यांना मान वर करताच येत नाही. बरीच वर्षं त्यांची नजर फरशीवरच असते. घरात कोण आलं हे त्या पावलांवरून ओळखतात.

हॉलचा संगमरवर पार निस्तेज झाला होता. पॉलिश करून घ्यायचं ठरलं, तेव्हा मला एकच धास्ती होती, की आई घसरल्या तर? पॉलिशवाले म्हणाले, “ओल राहू देऊ नका, ताई. मग भीती नाही.” दोन दिवस मशीन घरघरत होतं आणि घरभर पांढरं पाणी झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फरशी कोरडी पुसली. आई वॉकर घेऊन बाहेर आल्या आणि मध्येच थबकल्या. मी धावले.

“काय झालं, आई? धरू का?”

“थांब गं. तिथं पाय नको ठेवूस.”

मी खाली पाहिलं. गॅलरीच्या दारातून आभाळ आत येऊन फरशीत उतरलं होतं. विरळ पांढरे ढग होते आणि एक घार संथपणे फिरत होती.

“घारच ना ती?” त्यांनी हळूच विचारलं. “मला वाटलं होतं, आता काही दिसायची नाही.”

आभाळ बघायला मान वरच करावी लागते, असं मीही धरून चालले होते. त्यांच्याशेजारी मान खाली घालून मी उभी राहिले. घार तरंगत तरंगत सोफ्याखाली शिरली, तेव्हा आई लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.