आक्कांचं वाण

भेटल्यावर लोक चहापाणी विचारतात. आमच्या नर्सआक्का विचारायच्या, "आमदारास्नी लिवलंस का?" मग समोरची बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी असो की लग्नाच्या पंगतीत वाढत असो. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात आक्कांनी उपकेंद्रात नोकरी केली, निवृत्तीनंतर इथंच राहिल्या आणि सुखानं बसायचं सोडून हे खूळ घेतलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांची डॉक्टर नव्हती. बाळंतपण जरा अडलं की गाडी कोल्हापूरच्या वाटेला लागायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर चाळण्या लुटायच्या. आक्का पोस्टकार्ड लुटायच्या, आमदारांचा पत्ता आधीच घातलेलं. पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. शाळेत शिकलो तसं आम्ही सगळ्यांनी लिहिलं, "आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी." आक्कांनी कार्डं वाचली आणि कपाळाला हात लावला. "खुशाल हाय म्हणून तुम्हीच कळवताय, मग त्यो डॉक्टर कशाला धाडंल? तुमच्यावर काय बेतलं ते लिवा की. आणि खाली नाव घाला."

नाव म्हटलं की बायका कार्ड पदराखाली सारायच्या. बाळंतपणाचं एक वेळ लिहिता येईल, पण गोळ्यांचं, पिशवी काढल्याचं, पोट पाडल्याचं कसं लिहायचं? आक्का त्यावर रागवायच्या नाहीत. शेजारी बसून राहायच्या, कधी कधी तासभर.

दोन मुलींनंतर मला तिसऱ्यांदा दिवस गेले. अंगात रक्त नव्हतं, मला ते मूल नको होतं. नवरा ट्रक घेऊन गुजरातला गेलेला. एका दवाखान्यात सांगितलं, मालकांची सही आणा. मी परत आले आणि घरात कुणाला सांगितलं नाही. तिथल्या आयाकडून आक्कांना कळलं तशा त्या मला घेऊन पुन्हा तिथंच गेल्या. टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "शहाण्यासुरत्या बाईची तिची सही पुरती. कायदा वाचा, न्हायतर मी वाचून दावतो." सही मी केली. माझं अक्षर इतकं वाकडं कधी आलं नव्हतं.

परतताना एस.टी.त त्या म्हणाल्या, "ह्ये लिव. दुसरीला असं माघारी धाडाय नको."

"घरात कळलं तर, आक्का? सासूबाईंना यातलं काही माहीत नाही."

"मग नको. तुझं हाय, तू ठरव."

त्यानंतर गावाला त्या विचारत राहिल्या, मला मात्र कधीच नाही. ते मला फार लागायचं.

गेल्या वर्षी गुडघे पार गेले आणि लेकीनं त्यांना धारवाडला नेलं. निरोपाला स्टँडवर गेले, तेव्हा वाटलं, आज तरी विचारतील. त्यांनी मुलींच्या शाळेची चौकशी केली, गुडघ्याला कुठलं तेल लावतात ते सांगितलं आणि गाडी सुटली. दोन महिन्यांत त्या गेल्याचा फोन आला. मला त्यांची रोज आठवण येते, आणि रागही येतो. एकदा विचारायचं होतं की.

डॉक्टरची जागा अजून रिकामीच आहे. परवा दुपारी मी कार्ड घेऊन बसले. सही मागितली तेसुद्धा लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. सासूबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

"काय लिवतीयास गं?"

खोटं सांगता आलं असतं. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांचे हात थांबले. आता घरात तमाशा होणार, असं धरूनच मी बसले होते.

टोपली बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आणिक एक कार्ड हाय का? माझंबी लिव. तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर चार झाली. मला नको हुती. कुणी इचारलंच न्हाय. आणि नाव माझं घाल."

मी लिहीत गेले. कार्डावरची जागा संपली तरी त्यांचं सांगणं संपेना, आणि ते ऐकायला आक्का हव्या होत्या.