दोन फेटे कमी

माझ्या पदवीचं सगळं श्रेय सणसरच्या माझ्या थोरल्या मामांना आहे. मामा चौथी शिकलेले, आणि रसायनशास्त्रातलं त्यांना एवढंच ठाऊक होतं की त्यात भाचा नापास झाला. पण एका विद्येत बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ती विद्या म्हणजे रुसणं.

इतर माणसं राग आला की रुसतात. मामांना रागाची गरज लागत नसे. लग्नपत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत गेलं की रुसत, आणि पहिल्या ओळीत आलं तर आपल्याला म्हातारं ठरवलं म्हणून रुसत. बावड्याच्या व्याह्यांनी एकदा त्यांच्या आधी धाकट्या भावाला चहा दिला. मामांनी तडक गाडी जुंपली. पण अडवायला कोणी येईना, तेव्हा बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून वेशीपाशीच थांबले. व्याही धापा टाकत आले तर मामाच त्यांच्यावर उखडले, "एवढ्या उशिरानं येत्यात व्हय? पानी पिऊन पिऊन बैलं फुटायची येळ आली." रुसल्यावर ते भांडत नसत. उपरणं डोक्यावर घेऊन अंगणातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसत, आणि समजूत घालणारा नवखा असला तर ती कशी घालायची हेही भिंतीकडे बघतच सांगत.

मी पुण्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नापास झालो. कॉलेजात गेलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच, त्यामुळे नापास होणाराही पहिलाच. माझं घोडं पेंड खात होतं ते फ्री रॅडिकलपाशी. थोड्याशा उजेडानं बरणीभर मिथेन आणि क्लोरीनची क्रिया कशी चालू राहते, असं सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: उजेडानं क्लोरीनच्या जोडीची ताटातूट होते, दोघांपाशीही एकेक इलेक्ट्रॉन एकटा उरतो, मग असा एकटा अणू, म्हणजेच फ्री रॅडिकल, मिथेनचा हायड्रोजन ओढून घेतो आणि शांत होतो. "तो झाला शांत," सर म्हणाले, "पण ज्याचं ओढून घेतलं, त्याचं काय?" मी पाठ केलेलं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलो.

लोणी भापकरला घरी आलो तर वडिलांनी औत दाखवलं. शिक्षण पुरे झालं, एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी मामा आले, सगळं ऐकून घेतलं आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले. वडिलांना सवय होती. त्यांनी पेटीतला नवा फेटा आणून पुढे ठेवला. मामांनी तो न बघताच सरकवला.

"ह्या बारीला फेटा नगं, दाजी. पोराला माघारी पुन्याला जाऊ द्या."

"आन् पुन्हा नापास झाला तर, पाव्हणं?"

"तर पुन्हा येऊन बसंन. मला कुठं काय काम हाय?"

आठवडाभर ते त्या बाजेवर होते. जेवत आईच्या आग्रहाखातर, पण पाठमोरेच. शेवटी वडील कंटाळून हो म्हणाले, आणि मी पुण्याची गाडी धरली.

त्याच वर्षी माघात इंदापूरला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. मानाचे फेटे वाटताना दोन कमी पडले: मांडवाच्या एका टोकाला मामांचा, दुसऱ्या टोकाला नवरदेवाच्या आत्याच्या यजमानांचा. मामांनी चकार शब्द न काढता शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवरचा फेटा उचलून स्वतःला बांधला आणि चेहरा अगदी प्रसन्न झाला. शेजारी बोडका झाला, त्यानं पलीकडच्याचा ओढला, पलीकडच्यानं त्याच्या पलीकडच्याचा. तिकडून आत्याच्या यजमानांनीही तेच आरंभलं होतं. सगळा मांडव खवळला आणि फेटे मात्र तेवढेच. अखेर दोन्हीकडचे दोन बोडके बाहेर रांजणापाशी समोरासमोर आले, एकमेकांच्या टाळूकडे बघून हसले, एकाच चंचीतली तंबाखू मळायला बसले आणि प्रकरण मिटलं. मी ताट हातात घेऊन उभाच राहिलो. ज्याचं ओढून घेतलं त्याचं काय, ते सरांनी विचारलेलं माझ्यासमोर बसून तंबाखू मळत होतं.

पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न लेखी आला. मी पास झालो. आता बारामतीला मी स्वतःच मुलांना शिकवतो, आणि फ्री रॅडिकल आलं की फळ्यावर आधी मांडव काढतो.

पण मामांच्या त्या आठवड्याचा हिशेब मला फार उशिरा कळला. कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी नेमकी तेव्हाच होती. ती हुकली, आणि कोवळा ऊस उभा वाळला. मामींनी हे सहज बोलता बोलता सांगितलं. मामा कधीच बोलले नाहीत. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. परवा बावड्याच्या लग्नात तुम्हाला विटका फेटा दिला आणि तुम्ही तो मुकाट्यानं बांधलात. मामी म्हणतात, वय झालं, शहाणे झाले. मला ते बरं वाटलं नाही. वैशाखात माझं लग्न आहे. पत्रिकेत तुमचं नाव मुद्दाम शेवटी घातलं आहे. फेटा तुमच्यापुरता कमीच आणणार आहे. बाज भिंतीकडे तोंड करून ठेवतो. समजूत घालायला दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही, मीच येऊन बसेन. तारीख धरताना कालव्याच्या कचेरीत विचारून आलो. त्या आठवड्यात तुमची पाळी नाही. तेव्हा या वेळी सावकाश रुसा."